नाशिकचं जुनं खाणं एका दिवसात: पिशवी घ्या आणि पायी चाला

माझं माहेर सटाण्याकडचं, सासर पंचवटीतलं. १९८८ मध्ये लग्न होऊन आले तेव्हा आमच्या वाड्याच्या माजघरात रोज दुपारी पंगत बसायची, आणि त्या पंगतीत घरचं कुणी नसायचं. रामकुंडावर विधी करायला आलेले यात्रेकरू शेजारच्या गुरुजींकडे उतरायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी, तिघी मिळून एरवी वीस-पंचवीस पानं वाढायचो. १९९१ च्या सिंहस्थात तर आम्ही पानं मोजणंच सोडून दिलं होतं. पुढे वाडा उतरवला, पंगत थांबली. तरी बाहेरगावचा माणूस दिसला की याला आता काय खायला घालावं, हे मनात येतंच. भाचीच्या मैत्रिणी येतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना मी दिवसभर गावात फिरवते. ज्यांच्यासोबत मला जाता येत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निघण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. नाशिकचं जुनं खाणं हे वाटसरूचं खाणं आहे, असं मला इतक्या वर्षांनी पक्कं वाटतं. इथे यात्रेकरू यायचा तो दोन दिवसांसाठी. शेतकरी यायचा तो माल विकून संध्याकाळच्या गाडीने परत जायला. हमाल, तांबट, टांगेवाले पहाटेपासून उभ्याने कामाला. या सगळ्यांना लागायचं ते पटकन मिळणारं, पोटाला आधार देणारं आणि उरलं तर पंच्यात बांधून नेता येणारं. मिसळ, भत्ता (मुरमुरे-शेवेचा कोरडा खाऊ), चिवडा, जिलेबी, बेदाणे ही नावं ओळीने घेऊन बघा, तुम्हालाही ते दिसेल. म्हणून गाडीतून एका हॉटेलासमोरून दुसऱ्या हॉटेलासमोर उतरत हे गाव कळत नाही. पायी चालायचं, थोडं थोडं खायचं, आणि खांद्याला एक कापडी पिशवी ठेवायची.

दिवस कोणता निवडावा

जमलं तर बुधवार. त्या दिवशी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो आणि गाव काय खातं ते ताटात यायच्या आधीच जमिनीवर मांडलेलं दिसतं. महिना म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. थंडी असते, बाजरीची भाकरी असते, मेथी-गाजर-मटार स्वस्त असतात, हुरडा असतो आणि जानेवारीपासून द्राक्षं सुरू होतात. पावसाळाही वाईट नाही. करटुली, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्या पेठ-हरसूल-त्र्यंबककडच्या बायका टोपल्यांतून आणतात. फक्त नदीला पाणी किती आहे ते आधी विचारा. पात्रातला दुतोंड्या मारुती ही आमची मोजपट्टी. त्याच्या कमरेला पाणी लागलं की घाटावरची दुकानं आवरायला सुरुवात होते, आणि गळ्याशी आलं की सराफ बाजार, भांडी बाजाराचे व्यापारी माल वरच्या मजल्यावर चढवतात. अशा दिवशी खाण्याचं नाव काढू नका.

रेल्वेने येत असाल तर नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे, हे नवख्याला माहीत नसतं. बस किंवा रिक्षाने पंचवटी कारंजावर उतरा. आणि आदल्या रात्री हलकं जेवा.

सकाळी: गंगेवर

आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ असं नाशिककर म्हणाला तर तो उत्तरेत निघालेला नाही, रामकुंडाकडे निघालेला आहे. साडेसहापर्यंत तिथे पोहोचा. एक चहा घ्या, बाकी काही नको. अगदी राहवलं नाही तर बिस्किट. समोर कपालेश्वराच्या पायऱ्या दिसतील. या महादेवासमोर नंदी नाही, याची कथा वरचा पुजारी आनंदाने सांगतो. शेजारी नारोशंकराच्या देवळाच्या भिंतीवर वसईच्या विजयाची आठवण सांगणारी मोठी घंटा आहे, ती मान वर करून बघा.

तिथून काळारामाला जा. सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं हे काळ्या पाषाणाचं देऊळ बघायला सगळेच जातात. मी पाहुण्यांना दाराशी थोडा वेळ थांबवते. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. इथल्या मातीतले दादासाहेब गायकवाड तो पुढे नेत राहिले आणि तो १९३५ पर्यंत चालला. खाण्याच्या वाटेवर हे कशाला, असं एका पाहुणीने विचारलं होतं. पान कुणाला वाढायचं आणि कुणाला अंगणातच द्यायचं, हे या गावात कैक पिढ्या ठरवलेलं होतं. आमच्या माजघरातही ठरवलेलं होतं. माझ्या सासूबाईंनी ते बंद केलं. आलेल्या प्रत्येकाला एकाच ओळीत पाट द्यायचा, असं त्यांनी घरात सांगितलं आणि त्यावरून वर्षभर शेजारच्यांचं बोलणं खाल्लं. जुन्या खाण्याचं कौतुक करायचं तर ही गोष्टही सोबत घेऊनच करायला हवं.

आता आमच्या पंगतीचं थोडं सांगते, कारण ते जेवण हॉटेलात मिळत नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसायचा. तांदळाची खीर, भरड्याचे वडे, आमसुलाची चटणी, आल्याचं लोणचं, गवार, भोपळा, कारल्याची भाजी, कढी, वरणभात. वड्याचा भरडा सासूबाई जात्यावर काढायच्या: तांदूळ, हरभरा डाळ, थोडी उडीद डाळ, धणे-जिरं, सगळं कोरडं भाजून रवाळ दळलेलं. गरम पाण्यात भिजवून, केळीच्या पानावर थापून, मधे भोक पाडून तळायचे. भोक नसेल तर वडा मधे कच्चा राहतो. या वड्यांसाठी कुणाच्या तरी घरचं बोलावणंच लागतं. पण कांदा-लसूण नसलेलं रोजचं जेवण पंचवटीतल्या साध्या खानावळींत आजही मिळतं. यात्रेकरू येतात तोवर मिळत राहील.

मिसळ: एक दोघांत

आठच्या सुमारास भूक लागली पाहिजे. तेव्हाच मिसळीला जा.

नाशिकची मिसळ म्हणजे मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, आणि रस्सा वेगळ्या वाटीत. सोबत पाव, बहुतेक ठिकाणी पापड आणि दही. रस्सा दोन प्रकारचा, लाल आणि काळा. मला काळा आवडतो आणि खरं नाशिक मला त्यातच सापडतं. त्याचा रंग भाजण्यातून येतो. कांदा सालासकट विस्तवावर भाजायचा, बाहेरून कोळसा आणि आतून मऊ होईपर्यंत. सुक्या खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरायची, तेल सुटून काळी पडेपर्यंत. मग आलं, लसूण, कोथिंबीर घालून पाट्यावर वाटायचं आणि तेलात काळ्या मसाल्याबरोबर इतकं परतायचं की वाटणाच्या कडेने तेल सुटलं पाहिजे. पाणी त्यानंतर, आणि तेही उकळतं. कच्चं वाटण पाण्यात पडलं तर रस्सा पोटात जळतो.

रस्सा ओळखायचा कसा ते सांगते. आधी पाव न बुडवता, शेव न घालता नुसता चमचाभर प्या. पहिल्यांदा भाजलेल्या खोबऱ्याची गोडसर चव लागली आणि तिखट मागून घशाशी आलं तर बसा आणि निवांत खा. तिखटच आधी लागलं तर नुसत्या मिरची पुडीवर काम भागवलेलं आहे. वाटीच्या कडेला लाल रंगाची रेघ चिकटून राहिली तर उठा. मी एकदा भिडेपोटी उठले नाही. शहराबाहेरच्या एका नव्या, भरपूर गर्दीच्या ठिकाणी पाहुण्यांसमोर वाटीभर तसा रस्सा संपवला, त्यानंतर दोन दिवस ताकावर काढले.

कुठे खायची? पंचवटीत अंबिका काळ्या रश्शासाठी जुनी माहीत आहे. नदीपलीकडे मेन रोडला भगवंतराव. चुलीवरच्या मिसळीसाठी गंगापूर रोडच्या पुढे मळ्यांत लोक रविवारी कुटुंबासकट जातात, साधना हे त्यातलं ठाऊक नाव. मळ्यात झोके, बैलगाडी वगैरे असतं आणि मुलं खूश होतात. या दिवसासाठी मात्र मी पायी पोहोचता येईल असंच ठिकाण निवडेन. एका प्लेटीत दोघांनी खा. रस्सा पुन्हा मागायला संकोच करू नका, फक्त त्याचे वेगळे पैसे आहेत का ते आधी विचारा.

दोघांत एक हे मी अनुभवातून सांगते. नणंदेची मंडळी आली होती, सातजण. मी हौसेने प्रत्येकाला अख्खी मिसळ दिली, वर पाव, वर ताक, मग पाव किलो जिलेबी. अकरा वाजता दोघे ओट्यावर आडवे झाले आणि एकीला उलटी झाली. दुपारसाठी केलेले शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे रश्शातले वेढे) तसेच पातेल्यात राहिले. त्या दिवशी त्यांनी नाशिकची मिसळ आणि जिलेबी एवढंच खाल्लं आणि त्याचीही आठवण वाईट राहिली.

नदी ओलांडून

आता चाला. बुधवार असेल तर आधी घाटावरच्या बाजारात तासभर. भाजीवाल्या बायकांना ‘मावशी’ म्हणा, ‘ही कशी करतात?’ एवढं विचारा. भाव विचारल्यावर जेवढं बोलत नाहीत तेवढं या प्रश्नावर बोलतात. कुर्डूच्या भाजीत मूगडाळ घालायची आणि शेवळं चिंच किंवा काकड (एक आंबट रानफळ) टाकल्याशिवाय शिजवायची नाहीत, घशाला खाज सुटते, हे मला अशाच एका मावशीने शिकवलं. नागलीचं पीठ, नागलीचे पापड, मोहाची फुलं, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, सगळं इथे दिसेल. नागली म्हणजे नाचणी, पण इथे नाचणी म्हणालात तर तुम्ही बाहेरचे हे लगेच ओळखतात.

पलीकडे जायला रामसेतू चालू असेल तर त्यावरून, नाहीतर अहिल्यादेवी होळकर पुलावरून. भांडी बाजारात तांब्या-पितळेची दुकानं आहेत. इथे थोडा वेळ द्या, कारण खाणं भांड्यातूनच येतं. पितळेच्या पातेल्याला कल्हई का लागते हे दुकानातल्या काकांना विचारा. चिंच-आमसुलासारखं आंबट थेट पितळेत शिजलं तर कळकतं, आमटी हिरवट होते आणि पोट बिघडतं. म्हणून आतून कथलाचा थर. आमच्याकडे पंगतीची पातेली वर्षातून दोनदा कल्हईला जायची, एकदा दिवाळीआधी आणि एकदा रामनवमीआधी.

सराफ बाजारातून दहीपुलाकडे आलात की जिलेबीचा वास येतो. बुधा हलवायाची जिलेबी इथली. शंभर ग्रॅम घ्या, कागदावर, उभ्याने. जिलेबी कढईतून पाकात आणि पाकातून थेट तुमच्या हातात यायला हवी. परातीत ढीग करून ठेवलेली घेऊ नका, पाच मिनिटं थांबून पुढचा घाणा घ्या. चांगल्या जिलेबीला किंचित आंबट चव असते, ती आंबवलेल्या पिठाची. नळी पोकळ असते आणि दाताखाली मोडल्यावर पाक आतून येतो. नुसती गोड लागली तर पीठ आंबवायला वेळ दिलेला नाही.

जुन्या नाशकाच्या गल्ल्या इथून वर चढत जातात. गाव टेकड्यांवर वसलेलं आहे, नऊ टेकड्यांवरून नाशिक हे नाव आलं असंही सांगतात आणि शूर्पणखेच्या नाकावरूनही. मोगलांनी गुलशनाबाद म्हटलं होतं. पोट भरल्यावर हे चढउतार कामी येतात. दूधबाजार, चौक मंडईच्या बाजूला रमजानच्या महिन्यात संध्याकाळी आलात तर तो वेगळा दिवस ठेवा. तिथल्या शेवयांच्या दुकानातून मी दरवर्षी शेवया आणते. आमच्या घरच्या खिरीलाही त्याच लागतात.

दुपारचं जेवण: हे शेताकडचं हवं

दीडच्या आत जेवू नका. आणि दुपारी ‘महाराष्ट्रीयन थाळी’ असं लिहिलेल्या वीस वाट्यांच्या ताटाकडे वळू नका. त्यात सगळं असतं आणि कशाचीच चव लक्षात राहत नाही. एक भाजी, एक भाकरी, ठेचा, कांदा, ताक, एवढंच मागा.

भाजी कोणती? शेवभाजी बहुतेक ठिकाणी मिळते. जाड तिखट शेव शेवटच्या क्षणी, ताट पुढे आल्यावर रश्शात पडली पाहिजे. आधीपासून शिजवलेली असेल तर तिचा लगदा होतो, म्हणून ‘दादा, शेव वेगळी आणा’ असं आधीच सांगा. थंडीत वांग्याचं भरीत मागा, कळण्याची भाकरी असेल तर तिच्याबरोबर. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी काळपट होते आणि तिला शेंगदाण्याचं कच्चं तेल व मीठ लावून खाल्लं तरी पोट भरतं. ही खानदेशाकडून आलेली, पण माझ्या माहेरी बागलाणात रोजची.

आणि कुठे शेंगोळे मिळाले तर बाकी सगळं सोडा. हुलग्याचं पीठ (कोकणात याला कुळीथ म्हणतात), लसूण-जिरं-तिखट-हळद घालून घट्ट मळायचं, तेलाचा हात लावून पोळपाटावर वळ्या वळायच्या आणि त्यांचे वेढे करायचे. फोडणीत भरपूर लसूण, मग पाणी, पाणी खळखळलं की शेंगोळे एकेक करून सोडायचे. एकदम टाकले तर गोळा होतो. त्यांचंच पीठ सुटून रस्सा दाटतो, वेगळं वाटण लागत नाही. अर्धा तास मंद आचेवर. सर्दी झाली की आई हेच करायची, आणि वाफ नाकात जाईल अशा बेताने ताट पुढे ठेवायची. हॉटेलात हे क्वचितच दिसतात, कारण करायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक मागत नाही. तुम्ही मागा. तीन ठिकाणी ‘नाही’ म्हणतील, पण चौथ्या वेळी कुणीतरी ‘उद्या येणार असाल तर करतो’ म्हणतं. माझ्या भाचीच्या मैत्रिणींना असंच मिळालं.

मांसाहारी असाल तर काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी रात्री शहराबाहेरच्या ढाब्यांवर चांगली मिळते. दुपारी त्याच्यामागे लागलात तर पुढचं सगळं राहील.

उन्हाळ्यात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत आलात तर खापरावरचे मांडे शोधा. पुरण भरलेली पोळी पोळपाट न वापरता दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करायची आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. माझी मावशी ती हाताच्या कोपरापर्यंत वाढवायची, पोळीतून पलीकडचं दिसायचं. मला ते कधीच जमलं नाही, माझी फाटते. आमरसाबरोबर एक मांडा दोघांना पुरतो.

दुपारनंतर: कांदा, द्राक्षं, चिवडा

जेवल्यावर तासभर सावलीत बसा. मग खरेदी.

नाशिकचं खाणं कांद्यावर उभं आहे आणि कांदा जिल्ह्याचा प्राण आहे. लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, तिथली बाजार समिती देशभर ठाऊक आहे, आणि तिथला भाव पडला की माझ्या भावाच्या घरचा फोन दोन दिवस येत नाही. कांद्यात दोन मुख्य प्रकार समजून घ्या. लाल कांदा पावसाळी पिकाचा, रसदार, फार टिकत नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, कांदाचाळीत भरून महिनोन्महिने ठेवतात, तो घट्ट असतो आणि त्यात पाणी कमी. मिसळीवर कच्चा खायला लाल, तळायला उन्हाळ. चिवड्यात कुरकुरीत कांदा लागतो तो उन्हाळच.

चिवड्यासाठी कोंडाजी हे नाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, यात्रेकरू घरी नेण्यासाठी हाच बांधून घ्यायचे. घेण्याआधी चव मागा. तळलेला कांदा करपल्यासारखा लागला किंवा तेलाचा वास आला तर ताजा घाणा आहे का विचारा. घरी करायचा असेल तर युक्ती एकच आहे: कांदा उभा पातळ चिरून उन्हात दिवसभर वाळवा, मग मध्यम आचेवर तळा आणि सोनेरी व्हायच्या किंचित आधीच बाहेर काढा, बाहेर आल्यावरही तो काळवंडत राहतो. पोहे तळून, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता. पोहे गरम असतानाच मसाला लावा. कांदा मात्र सगळं पूर्ण गार झाल्यावर मिसळा. गरम चिवड्यात घातला तर संध्याकाळपर्यंत सगळा डबा मऊ.

द्राक्षं जानेवारी ते मार्च. घड उचलून देठ बघा, हिरवा हवा. देठ तपकिरी म्हणजे तोडून बरेच दिवस झाले. मण्यावर पांढुरकी लव असते ती द्राक्षाची स्वतःची, बोटाने पुसली जाते, तिला घाबरू नका. पण फवारण्या होतात, म्हणून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मगच खा. गाडीत बसून पिशवीतून तशीच तोंडात टाकू नका, हे मी शेतकऱ्याची मुलगी म्हणून सांगते. हंगाम नसेल तर बेदाणे घ्या. वाईनसाठी येणारे पुष्कळ आहेत, सुला १९९९ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर गंगापूर धरणाच्या बाजूचं रूपच बदललं. ते नव्या नाशिकचं आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

संध्याकाळी परत घाटावर

पाच वाजता साबुदाणा वडा. सायंताराचा वडा नाशिककरांना सांगावा लागत नाही. उपास असो नसो, लोक उभ्याने खातात. वडा फोडल्यावर साबुदाण्याचा दाणा दाणा दिसला पाहिजे, चिकट गोळा नको. हाही दोघांत एक.

सूर्य कलला की परत रामकुंडावर या, गोदावरीची आरती असते. पायऱ्यांवर जागा धरा आणि भत्ता घ्या. बाहेरचे लोक याला भेळ म्हणतात आणि चटणी मागतात. भत्त्यात चिंचेची चटणी नसते. मुरमुरे, शेव, पापडी, शेंगदाणे, डाळं, आणि आयत्या वेळी बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, वर लिंबू किंवा दिवसांप्रमाणे कैरी. कोरडा असतो म्हणून चालता चालता खाता येतो, आणि कोरडा असतो म्हणूनच शेतकरी बाजारातून घरी पोरांसाठी नेऊ शकायचा. माझे वडील सटाण्याच्या बाजारातून यायचे तेव्हा धोतराच्या सोग्यात भत्त्याचा पुडा असायचा. आम्ही पाच भावंडं पुडा उघडायच्या आधी कागदाचा वास घ्यायचो.

इथे पुडा हातात धरून बसा. आरतीची गर्दी पांगली की पाण्यावर सोडलेले द्रोण पुलाखालून जाताना दिसतात. घाईने उठू नका. मला अजूनही पंगत आटोपल्यावर याच पायऱ्यांवर हात धुवायला यायची सवय आठवते, नळाला पाणी असलं तरी सासूबाई इथेच यायच्या.

थंडी असेल तर जाता जाता जुन्या नाशकात कढईतलं आटीव दूध प्या, वर जाड साय मागून घ्या. रात्रीचं जेवण लागणार नाही.

आणि परतीच्या वाटेसाठी भत्ता बांधून घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढं सांगा: ‘भाऊ, कांदा-मिरची-लिंबू वेगळं द्या.’ तो कागदाच्या छोट्या पुडीत देतो. पिशवीत चिवडा खाली, जिलेबी घेतली असेल तर डब्यात, द्राक्षं सगळ्यात वर. मुंबईकडे निघाला असाल तर कांदा घोटी सोडल्यावर मिसळा. आधीच मिसळलात तर घाट उतरेपर्यंत मुरमुरे वातड झालेले असतात.